खूण पुसली की पेशी मेली? मुखकर्करोगाच्या मूळपेशींवर एपिजेनेटिक औषध कसे तपासावे

डोके व मानेच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याच्या टेबलावर आज ना उद्या एक ठरावीक आलेख येऊन पडतो. औषध देण्यापूर्वी सीडी४४ हे प्रथिन पृष्ठभागावर बाळगणाऱ्या पेशी दहा टक्के होत्या, औषधानंतर त्या दोन टक्के उरल्या, आणि आलेखाखाली निष्कर्ष असतो की औषधाने कर्करोगाच्या मूळपेशी नष्ट केल्या. औषध सिस्प्लॅटिनसारखे थेट पेशी मारणारे असते, तर हा निष्कर्ष निदान विचारात घेण्याजोगा ठरला असता. एपिजेनेटिक औषधाच्या बाबतीत मात्र तो पहिल्याच पायरीवर अडतो, कारण डीएनएमधील अक्षरांना हात न लावता जनुकांचे वाचन वाढवणे किंवा थांबवणे हेच या औषधाचे काम आहे, आणि सीडी४४ हेही एका जनुकाचेच प्रथिन आहे. पेशी जिवंत आहे, नवी गाठ निर्माण करण्याची तिची ताकद शाबूत आहे, फक्त तिचे ओळखपत्र हरवले आहे, असे सहज होऊ शकते. पुढील सगळी मांडणी हा घोटाळा टाळण्यासाठी आहे.

हे मार्गदर्शन प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे. येथे उल्लेखिलेल्या एकाही एपिजेनेटिक औषधाला डोके व मानेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेली नाही, त्यामुळे रुग्णांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी याकडे उपचाराचा सल्ला म्हणून पाहू नये.

प्रश्न आधी कागदावर लिहा

मूळपेशी ही तिच्या रंगावरून नव्हे, तर कामावरून ठरते. ती स्वतःसारखी दुसरी पेशी तयार करते, वेगवेगळ्या प्रकारची संतती निर्माण करते आणि योग्य जागा मिळाली तर नवी गाठ उभी करते. २००७ मध्ये मिशिगन आणि स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी रुग्णांच्या गाठींमधून सीडी४४ असलेल्या आणि नसलेल्या पेशी वेगळ्या करून त्या प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये टोचल्या. सीडी४४ असलेल्या पेशींच्या ३१ रोपणांपैकी २० मध्ये गाठ आली, नसलेल्या पेशींच्या ४० पैकी केवळ एका रोपणात आली. या प्रयोगानंतर सीडी४४ ही या कर्करोगातील सर्वाधिक वापरली जाणारी खूण झाली. त्या प्रयोगाचे वजन मात्र खुणेत नसून रोपणात होते, ही गोष्ट पुढे अनेकांच्या नजरेतून निसटली. शिवाय तोंडाच्या निरोगी अस्तरातही सीडी४४ मोठ्या प्रमाणावर आढळते, त्यामुळे एकट्या या खुणेवर विसंबणे आणखीच धोक्याचे आहे.

म्हणून प्रयोग सुरू करण्यापूर्वी वहीत चार शक्यता लिहून ठेवाव्यात. औषधाने मूळपेशी मेली असेल. ती परिपक्व होऊन साधी, मर्यादित आयुष्याची पेशी झाली असेल. तिने विभाजन थांबवून नुसती वाट पाहण्याची अवस्था घेतली असेल. किंवा तिची खूण तेवढी पुसली गेली असेल. पहिल्या दोन शक्यता रुग्णाच्या फायद्याच्या आहेत, तिसरी तात्पुरत्या फायद्याची आहे आणि चौथी निव्वळ फसवी आहे. या चौघींना एकमेकींपासून वेगळे करू न शकणारी चाचणी कितीही महागड्या यंत्रावर केलेली असली, तरी ती मूळ प्रश्नाचे उत्तर देत नाही.

औषध आणि त्याचे लक्ष्य

एपिजेनेटिक औषधांची मुख्य घराणी थोडीच आहेत. अझासिटिडिन आणि डेसिटाबिन ही डीएनएवर मिथाइल गट बसवणाऱ्या विकरांना अडकवतात. अमेरिकेत त्यांना अनुक्रमे २००४ आणि २००६ मध्ये मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या रक्तविकारासाठी मान्यता मिळाली. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना रोखणाऱ्या औषधांत व्होरिनोस्टॅट हे सर्वांत परिचित आहे, आणि फेफऱ्यावरील जुने औषध व्हॅल्प्रोएट हेही त्याच घराण्यात मोडते. टॅझेमेटोस्टॅट हे हिस्टोनवर मिथाइल गट बसवणाऱ्या ईझेडएच२ या विकराला रोखते व २०२० मध्ये एपिथेलिऑइड सार्कोमासाठी मान्य झाले. याखेरीज जनुकांचे वाचन नियंत्रित करणाऱ्या बीईटी, एलएसडी१ आणि बीएमआय१ या प्रथिनांवर चालणारी काही संयुगे आहेत, ती प्रामुख्याने संशोधनापुरती वापरली जातात.

लक्ष्य निवडताना ‘फ्रीजमध्ये काय शिल्लक आहे’ हा निकष नसावा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील गाल व हिरडीच्या कर्करोगाच्या जनुकीय अभ्यासात, ज्यात नवी मुंबईतील ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आणि कल्याणी येथील जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था सहभागी होत्या, वारंवार बदललेल्या जनुकांत एमएलएल४ आणि एआरआयडी२ ही जनुके सापडली. पहिले हिस्टोनवर मिथाइल गट बसवणाऱ्या विकराचे आहे, दुसरे क्रोमॅटिनची, म्हणजे डीएनए व हिस्टोन यांच्या गुंडाळीची, रचना हलवणाऱ्या यंत्रणेचे आहे. अमेरिकेतील कॅन्सर जीनोम ॲटलास या प्रकल्पाने २०१५ मध्ये २७९ गाठींच्या विश्लेषणात एनएसडी१ आणि केएमटी२डी या जनुकांतील बदल नोंदवले. तीही हिस्टोनशीच संबंधित आहेत. आपल्याकडील तंबाखू चघळणाऱ्या रुग्णांच्या गाठींवर काम करणाऱ्याने या नोंदींपासून सुरुवात करावी. एक सावधगिरी मात्र हवी: एमएलएल४ हे नाव निरनिराळ्या लेखांत केएमटी२बी आणि केएमटी२डी या दोन वेगळ्या जनुकांसाठी वापरले गेले आहे, त्यामुळे प्रायमर किंवा अँटिबॉडी मागवण्यापूर्वी जनुकाचा अधिकृत क्रमांक पडताळून पाहावा. चुकीच्या जनुकाची अँटिबॉडी आली की केवळ पैसे नव्हेत, दोन महिनेही जातात.

बीएमआय१ बद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण मूळपेशींच्या संदर्भात ते सर्वांत चांगले तपासलेले लक्ष्य आहे. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने पिण्याच्या पाण्यातून रसायन देऊन उंदरांच्या जिभेवर कर्करोग निर्माण केला आणि बीएमआय१ व्यक्त करणाऱ्या पेशींचा जागच्या जागी माग काढला. सिस्प्लॅटिनने गाठीचा बराच भाग कमी झाला तरी या पेशी टिकून राहिल्या. बीएमआय१ रोखणारे संयुग सोबत दिल्यावर मात्र परिणाम अधिक चांगला आला. येथे पेशी बाहेर काढून रंगवण्यावर भिस्त नव्हती, तर गाठीतच त्यांच्या वंशाचा पाठपुरावा केला होता, म्हणून हा पुरावा मला अधिक भरवशाचा वाटतो.

पेशींची निवड

एकाच सेल लाइनवर, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवल्या जाणाऱ्या एकाच पेशीवंशावर, निष्कर्ष काढू नये. किमान तीन घ्याव्यात आणि त्यांत एचपीव्ही विषाणू असलेली व नसलेली अशा दोन्ही प्रकारच्या असाव्यात. जिभेच्या कर्करोगाची काल२७, खालच्या घशाची फाडू आणि एचपीव्ही असलेली यूएमएससीसी४७ या सर्वत्र वापरल्या जातात, तर मुंबईत रुग्णाच्या जिभेच्या गाठीपासून तयार झालेली एडब्ल्यू१३५१६ आपल्या रुग्णवर्गाच्या अधिक जवळची आहे. सोबत निरोगी तोंडाच्या अस्तरातील केराटिनोसाइट पेशी ठेवणे आवश्यक आहे, कारण तेथेही अस्तराच्या तळाशी मूळपेशी असतात आणि त्यांना होणारी इजा रुग्णाच्या तोंडात व्रण होऊन दिसू शकते. पेशींची ओळख डीएनए चाचणीने पटवणे आणि पेशींना नकळत दूषित करणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूंची तपासणी करणे याबद्दल वेगळे सांगायची गरज नसावी.

मात्रा आणि वेळ: बहुतेक प्रयोग येथेच बिघडतात

नेहमीच्या केमोथेरपी औषधांची सवय झालेला विद्यार्थी प्रथम अर्ध्या पेशी मारणारी मात्रा काढतो आणि त्याच मात्रेने पुढचे सगळे प्रयोग करतो. एपिजेनेटिक औषधासाठी ही रीत अयोग्य आहे. डेसिटाबिनच्या मोठ्या मात्रेने डीएनएला इजा होऊन पेशी सरळ मरतात, आणि मग जे दिसते तो मिथाइल गट कमी झाल्याचा परिणाम आहे की साध्या विषबाधेचा, हे सांगता येत नाही. त्याऐवजी साधारण १०० ते ५०० नॅनोमोलरच्या टप्प्यातील, पेशी फारशा न मारणारी मात्रा तीन दिवस रोज द्यावी, नंतर औषध काढून काही दिवस पेशी तशाच वाढू द्याव्यात आणि मग मोजणी करावी. हे औषध विभाजनाच्या तयारीत डीएनएची नक्कल चालू असतानाच आत शिरते, त्यामुळे सावकाश विभाजित होणाऱ्या मूळपेशींपर्यंत ते एका दिवसात पोहोचेल अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे. एवढ्या एका कारणाने चोवीस तासांचे कित्येक ‘नकारात्मक’ निकाल निरर्थक ठरतात.

औषधाच्या टिकाऊपणाकडेही लक्ष द्यावे. अझासिटिडिन आणि डेसिटाबिन पाण्यात विरघळवल्यावर मोडू लागतात. आमच्या येथे एका सहकाऱ्याने पातळ केलेले द्रावण आठवडाभर साध्या फ्रीजमध्ये ठेवून वापरले आणि पेशी ‘औषधाला दाद देत नाहीत’ असा अहवाल दिला. दाद देण्यासारखे त्या नळीत फारसे काही उरलेच नव्हते. लहान लहान भाग करून अतिथंड फ्रीजरमध्ये ठेवावेत, एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये आणि मीडियममधील, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवातील, औषध दररोज नवे द्यावे.

ईझेडएच२ रोखणाऱ्या औषधांचे वेळापत्रक आणखी निराळे असते. विकर बंद पडले तरी हिस्टोनवर आधी बसलेले मिथाइल गट लगेच जात नाहीत. पेशी विभाजित होत जातात तसे ते विरळ होतात, म्हणून चार ते सात दिवसांपूर्वी परिणाम शोधू नये. व्होरिनोस्टॅटचे नेमके उलट आहे. ॲसिटिल गट काही तासांतच वाढतात आणि औषध धुऊन टाकले की तितक्याच झपाट्याने ओसरतात. तेव्हा एकाच वेळापत्रकावर ही तिन्ही औषधे ठेवून ‘कोणते अधिक प्रभावी’ अशी तुलना करणारा आलेख, दिसायला कितीही सुबक असला तरी, अर्थहीन असतो.

याच टप्प्यावर रुग्णाच्या रक्तात पोहोचणारी पातळी तपासून घ्यावी. व्होरिनोस्टॅटच्या ४०० मिलिग्रॅमच्या तोंडी मात्रेनंतर रक्तातील सर्वोच्च पातळी सरासरी १.२ मायक्रोमोलरच्या आसपास जाते. प्लेटमध्ये ५ किंवा १० मायक्रोमोलर दिवसभर ठेवून मिळालेला परिणाम रुग्णाच्या शरीरात कसा मिळणार, याचे उत्तर लेखकाने द्यायला हवे. व्हॅल्प्रोएटची उपचारातील पातळी मिलिलिटरमागे ५० ते १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ०.३५ ते ०.७ मिलिमोलर असते, आणि त्यातलाही बराचसा भाग रक्तातील प्रथिनांना चिकटलेला असतो. २ मिलिमोलरने मिळालेला निकाल वाचताना हा आकडा शेजारी ठेवावा.

लक्ष्यावर नेम लागला का, हे आधी पाहा

मूळपेशींकडे वळण्यापूर्वी औषधाने स्वतःचे नेमलेले काम केले आहे याचा पुरावा हवा. डेसिटाबिनसाठी डीएनएमटी१ हे डीएनएवर मिथाइल गट बसवणारे प्रथिन कमी झाल्याचे आणि लाइन-१ या पुनरावृत्त भागातील मिथाइलीकरण घटल्याचे दाखवावे. व्होरिनोस्टॅटसाठी ॲसिटिल हिस्टोन वाढलेले दाखवावे. टॅझेमेटोस्टॅटसाठी एच३ हिस्टोनच्या २७ व्या लायसिनवरील तीन मिथाइल गट कमी झालेले आणि एकूण एच३ तेवढेच राहिलेले दाखवावे. डीएमएसओ हे द्रावक तुलनेच्या पेशींनाही तितक्याच प्रमाणात द्यावे आणि ते ०.१ टक्क्याच्या वर नेऊ नये. हा पुरावा नसेल तर पुढील निकाल चांगला आला तरी त्याचे श्रेय औषधाच्या त्या गुणाला देता येत नाही. डीझेडनेप हे संयुग बरीच वर्षे ‘ईझेडएच२ रोधक’ म्हणून वापरले गेले. प्रत्यक्षात ते अनेक मिथाइल-बसव्या विकरांवर आडून परिणाम करते, आणि त्यावर आधारलेले जुने निष्कर्ष त्यामुळेच जपून वाचावे लागतात.

खुणा मोजताना

सीडी४४ सोबत मूळपेशींची दुसरी खूण मानल्या जाणाऱ्या एएलडीएच या विकराची क्रियाशीलता चमकणाऱ्या रंगाने मोजावी, आणि प्रत्येक नमुन्याची डीईएबी हा रोधक घातलेली जोडी स्वतंत्र चालवावी. औषध दिलेल्या पेशींची स्वतःची चमक बदलते, म्हणून औषध न दिलेल्या पेशींवर आखलेली सीमारेषा त्यांना लावू नये. पेशी सोडवताना ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवल्यास पृष्ठभागावरील प्रथिने कापली जातात, त्यामुळे सौम्य विकर वापरावे. मेलेल्या पेशी वेगळ्या रंगाने वगळाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केवळ टक्केवारी देऊन थांबू नये. प्रत्येक प्लेटमधील एकूण जिवंत पेशींची संख्याही द्यावी. आणि खूण खरोखर पेशीसह गेली की नुसती पुसली, हे पाहण्यासाठी औषधापूर्वीच सीडी४४ असलेल्या आणि नसलेल्या पेशी वेगळ्या करून दोन्ही गटांना स्वतंत्रपणे औषध द्यावे. सीडी४४ असलेल्या गटात मृत्यू वाढलेला दिसला तर पहिली शक्यता बळावते. मृत्यू नाही पण खूण गेली, तर पुढील चाचणीशिवाय काहीही बोलू नये.

२०१३ मध्ये मिशिगनमधील एका गटाने ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना रोखून हेच पाहिले होते. मूळपेशींचे प्रमाण घटले, परंतु त्याच वेळी उरलेल्या पेशींमध्ये अस्तराची घट्ट वीण सोडून फिरती पेशी होण्याची लक्षणे वाढली. जो केवळ पहिला अर्धा भाग मोजेल त्याला औषध गुणकारी वाटेल; दुसरा अर्धा भाग मोजणाऱ्याला गाठ पसरण्याची काळजी वाटेल. म्हणून ई-कॅडहेरिन (अस्तराची वीण धरणारे प्रथिन), व्हिमेंटिन (फिरत्या पेशींतील प्रथिन) आणि पेशींचे स्थलांतर यांची मोजणी याच नमुन्यांवर करावी.

गोलकांची चाचणी आणि मर्यादित विरलीकरण

न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये, सीरम नसलेल्या मीडियममध्ये बी२७ हे पोषक मिश्रण आणि ईजीएफ व बीएफजीएफ हे वाढीचे घटक प्रत्येकी मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम घालून एकेकटी पेशी वाढवली, तर काही पेशी तरंगता गोलक तयार करतात. या चाचणीत दोन चुका नेहमीच्या आहेत. पहिली म्हणजे पेशी दाट पेरणे. मग गोलक एका पेशीपासून वाढत नाही, तर पेशी एकमेकींना चिकटून गोळा होतो. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे: गोलक वाढत असताना औषध मीडियममध्येच ठेवले जाते. त्यामुळे वाढ मंदावली की मूळपेशी कमी झाल्या, हे कळत नाही. औषध आधी सपाट प्लेटमध्ये द्यावे, ते पूर्ण धुऊन टाकावे, जिवंत पेशी मोजून पेराव्यात आणि पहिल्या पिढीचे गोलक मोडून औषधाशिवाय दुसऱ्या पिढीचे गोलक वाढवावेत. वाट पाहत बसलेल्या किंवा खूण हरवलेल्या मूळपेशी दुसऱ्या पिढीत पुन्हा डोके वर काढतात, तर मेलेल्या किंवा परिपक्व झालेल्या काढत नाहीत. चार शक्यतांपैकी दोन येथे बाजूला होतात.

नुसते गोलक मोजण्यापेक्षा मर्यादित विरलीकरण करावे. ९६ खणांच्या प्लेटमध्ये खणामागे २००, १००, ५०, २५ अशा उतरत्या संख्येने पेशी पेरून किती खण रिकामे राहिले ते मोजावे. ज्या संख्येला सुमारे ३७ टक्के खण रिकामे राहतात, त्या संख्येत सरासरी एक मूळपेशी आहे असे गणित सांगते. प्रत्यक्षात सर्व पातळ्यांची आकडेमोड करणारी मोफत संगणकीय साधने उपलब्ध आहेत आणि ती विश्वासमर्यादाही देतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. औषधाविना प्लेटमध्ये १० लाख पेशी आणि ५० पैकी एक मूळपेशी, म्हणजे २०,००० मूळपेशी. सिस्प्लॅटिननंतर १ लाख पेशी उरल्या आणि त्यांत २० पैकी एक मूळपेशी, म्हणजे ५,०००. येथे मूळपेशींचे प्रमाण अडीच पट वाढले, पण त्यांची संख्या एक चतुर्थांश झाली. ‘सिस्प्लॅटिन मूळपेशी वाढवते’ हे वाक्य या आकड्यांवरून लिहिता येणार नाही. आता एपिजेनेटिक औषध आधी आणि सिस्प्लॅटिन नंतर दिल्यावर ८०,००० पेशी उरल्या आणि २०० पैकी एक मूळपेशी आढळली, तर उरल्या ४००. एकूण पेशींच्या संख्येत थोडाच फरक आहे, मूळपेशींत मात्र बारा पटींहून अधिक घट आहे. जगण्याची साधी चाचणी हा फरक दाखवू शकली नसती. औषधांचा क्रम उलटा केल्यावर आणि दोन्ही एकत्र दिल्यावर काय होते, हेही याच पद्धतीने पाहावे.

उंदीर आणि त्यापुढे

अंतिम पुरावा रोपणाचाच आहे. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी घेतल्यानंतर, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये गाठ वाढू द्यावी, औषध गाठ असलेल्या उंदरालाच द्यावे, नंतर गाठ काढून तिच्यातील जिवंत मानवी पेशी उतरत्या संख्येने दुसऱ्या उंदरांमध्ये औषधाशिवाय टोचाव्यात. पहिल्या उंदरातील गाठ आकसणे हे येथे दुय्यम आहे. दुसऱ्या उंदरात गाठ उठण्यास किती पेशी लागल्या, हा मुख्य आकडा आहे. मात्र अशा उंदरांत प्रतिकारशक्ती नसल्याने औषधाचा तिच्यावरील परिणाम दिसत नाही, आणि एपिजेनेटिक औषधे तो परिणाम करतात हे माहीत आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्होरिनोस्टॅट आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध एकत्र दिलेल्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या २५ रुग्णांपैकी ३२ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या. त्या चाचणीत तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे हे यश व्होरिनोस्टॅटचे किती हे त्यावरून ठरत नाही. ते मूळपेशींवरील परिणामाचा पुरावा म्हणून तर मुळीच उद्धृत करू नये.

रुग्णांच्या नमुन्यांपर्यंत जायचे असेल तर बायोप्सी आणि शस्त्रक्रिया यांमधील काही दिवसांचा अवधी हा सर्वांत उपयोगी आहे. येल विद्यापीठातील संशोधकांनी काही रुग्णांना याच अवधीत अझासिटिडिन दिले आणि एचपीव्ही असलेल्या गाठींमध्ये विषाणूची जनुके दबल्याचे दोन्ही नमुन्यांच्या तुलनेतून दाखवले. आपल्याकडील गाल-हिरडीच्या गाठी बहुतांशी एचपीव्हीविरहित असल्याने तो निकाल येथे जसाच्या तसा लागू होत नाही, परंतु पद्धत लागू होते. अशी योजना आखताना शस्त्रक्रियेची तारीख औषधासाठी पुढे ढकलली जाणार नाही, हे नैतिकता समितीच्या अर्जात पहिल्याच पानावर लिहावे. शस्त्रक्रियेतून मिळणारा ताजा ऊतक तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचेल याची व्यवस्था शल्यचिकित्सक व परिचारिकांशी आधीच बोलून ठरवावी. आणि बायोप्सीचा तुकडा लहान असतो म्हणून तो प्रथम रोगनिदानाला, उरला तरच संशोधनाला, हा क्रम कोणत्याही कारणाने बदलू नये.